एर्लनाखची खालची वाट

रविवार, १४ ऑक्टोबर १९५६

आलो एकदाचे! ट्रकवाल्याने आमचे दोन पलंग, एक कपाट आणि शिवणयंत्र अंगणात उतरवलं, बाबांना हात देऊन खाली घेतलं आणि म्हणाला, "घ्या सिस्टर, सांभाळा आपलं राज्य." युद्धानंतर पूर्वेकडचं घर सुटलं, तेव्हापासून दहा वर्षं आम्ही बापलेक दुसऱ्यांच्या माळ्यांवर आणि बराकीत राहिलो. आज पहिल्यांदा माझ्या हातात स्वतःच्या दाराची किल्ली आहे. दोन खोल्या, चांगली ओढणारी चूल, आवारात सफरचंदाचं झाड आणि शिवणयंत्र मावेल एवढी पडवी. बाबांनी काठीने प्रत्येक भिंत ठोकून पाहिली आणि मान डोलावली. त्यांच्या पसंतीची एवढीच खूण असते.

वरचं एर्लनाख म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक वाडी. कागदोपत्री ती खोऱ्यातल्या मोठ्या गावात मोडते, पण इथल्या माणसाला तसं म्हणून बघावं! एकच गल्ली आहे. वरच्या टोकाला चर्च, मध्ये सगळ्यांची मिळून पाव भाजायची भट्टी आणि अगदी खालच्या टोकाला आमचं घर. त्यापुढे गवताचं कुरण उतरत जातं आणि बीच झाडांच्या रानाला भिडतं.

शेजारीण ओटिलीबाई आमचं सामान लागायच्या आतच आलुबुखाराचा केक घेऊन आली. साठीची, गोल चेहऱ्याची, सारखी बोलणारी. पूर्वेकडची माणसं खातात तरी काय, असं तिने मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, खसखशीचे लाडू. तर म्हणाली, "अगं बाई, म्हणून तुम्ही सगळे असे झोपाळलेले दिसता होय!" मला इतकं हसू आलं. कोणी तोंडावर चेष्टा केली की समजावं, घरात घेतलं.

शनिवार, २० ऑक्टोबर

गावची परिचारिका म्हणून कामाला लागले. सकाळी मोपेडवर पिशवी बांधायची आणि दारोदार जायचं. कुणाची मलमपट्टी, कुणाला इंजेक्शन, बाळंतिणीची विचारपूस. गावप्रमुख ओस्वाल्ड क्रेल यांच्या पायाला जुनी जखम आहे. मोठा करडा माणूस. पाय माझ्या मांडीवर देतो आणि छताकडे बघत राहतो, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा आहे. गावातला एकमेव फोन त्याच्या घरी आहे. लागला तर वापरायला मिळेल, असं तो म्हणाला. असं म्हणाला म्हणजे, मी विचारल्यावर म्हणाला.

चर्चचा घंटावाला विगांड मात्र मला आवडला. ऐंशीच्या घरातला, काटकुळा, अस्थम्याचा रोगी. घंटेविषयी बोलायला लागला की धाप विसरतो. युद्धात सरकारी माणसं तोफांसाठी घंटा गोळा करत फिरली, तेव्हा गावकऱ्यांनी दोनातली धाकटी देऊन टाकली आणि थोरली शेणखताच्या ढिगात पुरून ठेवली. "ती दिली असती तर इथं राहणं झालं असतं का आमचं?" असं म्हणाला. मला वाटलं, अभिमानाने म्हणतोय.

धुक्याच्या दिवसांत ती घंटा रोज वाजते. प्रार्थनेची वेळ नव्हे, तिसऱ्या प्रहरी, कॉफीच्या वेळेला. चांगली लांबलचक वाजते. मी ओटिलीबाईला कारण विचारलं तर म्हणाली, धुक्यात रानातल्या माणसाला वाट कळावी म्हणून. मग मी विचारलं, या गावाला 'वरचं' का म्हणतात, खालचं कुठाय? तिने कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. म्हणाली, पूर्वी होतं.

रविवार, २८ ऑक्टोबर

आज गावात सुतक असल्यासारखं आहे. घंटेला तडा गेलाय. शुक्रवारी वाजवताना आवाज फाटला आणि काल ओताऱ्याकडची माणसं येऊन तिला उतरवून घेऊन गेली. सगळं गाव गल्लीत उभं होतं. घंटा गाडीवर चढली तेव्हा विगांड लहान मुलासारखा रडला. क्रेलने ओताऱ्याला पुन्हापुन्हा विचारलं, कधी मिळेल? नाताळच्या आधी काही नाही, असं तो म्हणाला. बायकांमध्ये एक कुजबुज उठली. मला गंमत वाटली. एक घंटा ती काय आणि माणसं चेहरे करतात ते केवढे.

विगांडने मनोऱ्यात नांगराचा जुना फाळ टांगलाय. संध्याकाळी हातोडीने बडवत होता. गल्लीच्या मध्यापर्यंतसुद्धा आवाज पोचत नव्हता.

गुरुवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. घंटा गेल्यापासूनचं पहिलं दाट धुकं उतरलं. सकाळी दफनभूमीवर सगळे भेटले, मेणबत्त्या लावल्या, हसले बोलले. दुपारी मात्र एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. तिसरा प्रहर व्हायच्या बेतात असताना गल्लीतल्या खिडक्यांच्या झडपा धडाधड लागल्या. पोरांना हाका मारून आत घेतलं. कुत्रीसुद्धा आत. मी बँडेज बदलून परतत होते तर गल्लीत मी आणि माझ्या मोपेडची फटफट एवढंच.

घरी आले तर बाबा खिडकीशी टोपी घालून बसलेले. म्हणाले, "ऐकलंस? आपली घंटा."

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, बाबा, घंटा दुरुस्तीला गेलीय. बाबांना गेली कित्येक वर्षं नीट ऐकू येत नाही. त्यांनी माझा हात थोपटला. इथली नाही पोरी, म्हणाले, आपली. आपल्या गावची. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

आपलं गाव आता पोलंडात आहे. त्या घंटेचं काय झालं कुणास ठाऊक. मी त्यांच्यासाठी चुलीत लाकडं सारली. 

सोमवार, ५ नोव्हेंबर

आज मीही ऐकली.

मागच्या आवारात कपडे काढत होते. धुकं इतकं की दोरीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आणि कुरणाच्या उतारावरून, खालून, घंटा. बारीक, घाईघाईची. प्रार्थनेची घंटा संथ असते. ही आग लागल्यावर वाजवतात तशी होती. लाकडाच्या धुराचा वासही आला. खाली तर एकही घर नाही, रानच आहे.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. बघ, म्हणाले, आता तरी पटलं?

मी तशीच विगांडकडे गेले. त्याने दार उघडायला वेळ लावला. आत गेल्यावर मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "ऐकलीस ना? तुझ्या तोंडावर दिसतंय." मग त्याने सांगितलं. धाप लागत होती, मध्येमध्ये थांबत होता, पण थांबवला थांबेना.

तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लांबलेल्या लढाईत सैनिक खालच्या एर्लनाखमध्ये राहिले आणि जाताना गाठीचा रोग, प्लेग, मागे ठेवून गेले. वरच्यांनी गल्लीच्या तोंडाशी गाड्या आडव्या घातल्या आणि शेतातली दाताळी घेऊन पहारा बसवला. पहिल्यांदा ते दगडावर पाव ठेवून यायचे. मग पाव ठेवायला जायची भीती वाटू लागली. खालचे दुपारपासून घंटा बडवत राहायचे, या म्हणून, काहीतरी आणा म्हणून. वरच्यांची त्यांच्यात सोयरीक होती. बहिणी दिलेल्या, भाऊ तिकडे. ऐकवेना. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, आपली घंटा त्यावर वाजवायची. म्हणजे ऐकू येणार नाही.

मी म्हटलं, पण ते तर तेव्हाच संपले असतील.

"संपले की," विगांड म्हणाला. "पण बोलवायचं थांबले नाहीत. मग आम्ही तरी कसं थांबायचं?"

मी उठले तेव्हा त्याने माझी बाही धरली. म्हणाला, पोरी, तू भली बाई आहेस म्हणून सांगतो. ते टोकाचं घर आम्ही नेहमी बाहेरच्यालाच देतो. आमच्यातलं कुणी तिथं राहायला तयार नसतं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

मी परिचारिका आहे. हवेच्या दाबाने आवाज लांबून येतात हे मला कळतं. पलीकडच्या खोऱ्यात कुठलं तरी चर्च असेल. कुणी कोळसे पाडत असेल. हे सगळं मी काल रात्री स्वतःला समजावलं आणि सकाळी पटलंही.

तिसऱ्या प्रहरी पटत नाही.

बाबा जेवले नाहीत. बूट घालून बसतात. मी मागच्या दाराला कडी घातली, तर लहान मुलासारखे रुसले. घरी जायला देत नाहीस, म्हणाले.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

दाराला कडी घातलीय. आता लिहिते.

बाळंतिणीकडे मला उशीर झाला. घरी आले तर मागचं दार सताड उघडं, बाबांची खुर्ची रिकामी. घंटा चालू. मी गल्लीत धावले. ओटिलीबाईचं दार वाजवलं, तिच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. आतून चुलीचा उजेड झडपेच्या फटीतून दिसत होता, माणसं श्वास रोखून उभी असलेली कळत होती. कुणी उघडेना. क्रेलच्या दारावर मी दोन्ही मुठींनी ठोकलं. तो आतून म्हणाला, "सिस्टर, घंटा थांबेपर्यंत नाही. नियम आहे." मी ओरडले, माझा म्हातारा बाप आहे हो! तो म्हणाला, कळतंय. आणि आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला.

एकटी उतरले. गवत गुडघ्यापर्यंत, ओलं. थोडं खाली गेल्यावर पायाखाली फरसबंदी लागली. कुरणात फरसबंदी! धुक्यात भिंती दिसू लागल्या, पडक्या नव्हेत, छपरं असलेल्या. बाबा एका उंबऱ्यावर बसले होते, टोपी मांडीवर, कोणाशी तरी गप्पा मारत. हसत होते.

आणि ती माणसं.

घरांना लागून उभी होती. पुढे येत नव्हती. बायका, पुरुष, पोरं, बोचकी पायाशी. आम्ही निर्वासित म्हणून फलाटावर उभे राहायचो तसे, कुणीतरी नाव पुकारेल म्हणून. चेहरे साधेच. भयंकर असं काही नव्हतं त्यात. पण सगळ्यांचे हात — सगळ्यांनी हात अंगापासून दूर धरले होते. पंख उघडलेल्या बदकांसारखे. थंडीने माणूस हात जवळ घेतो. हे सगळे थिजल्यासारखे, हात लांब धरून.

मी बाबांना ओढलं. एक बाई पुढे आली आणि माझ्या गळ्यातल्या क्रॉसकडे, मग पिशवीवरच्या लाल खुणेकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आशा होती. त्या आशेची मला जितकी भीती वाटली तितकी कशाचीच वाटली नाही.

पळालो. बाबा सारखे मागे वळून हात करत होते. किती चांगली माणसं गं, म्हणाले, त्यांनी मला दूध दिलं.

शनिवार, १० नोव्हेंबर

काल बाबा दिवसभर बरे होते. उत्साहात होते. मला बरं वाटलं. वेडीच मी.

आज सकाळी कॉफी घेताना त्यांनी डावा हात अंगापासून दूर धरला होता.

मी कप खाली ठेवला. त्यांचा सदरा काढला. काखेत गाठ आहे, अंड्याएवढी, हात लावला तर किंचाळले. ताप भरलाय. जीभ पांढरी पडलीय. हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, हे पान वाचून ठेवा मुलींनो, तुम्हाला कधी दिसायचं नाही.

यावर आता औषध आहे. तीनशे वर्षांपूर्वी नव्हतं, आता आहे. डॉक्टरने वेळेत सुई दिली तर माणूस वाचतो. क्रेलच्या फाटकाशी गेले, आत नाही गेले, लांबूनच ओरडून सांगितलं. काय झालंय ते सांगितलं, डॉक्टरांना फोन करा म्हटलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. करतो, म्हणाला. लगेच करतो.

रविवार, ११ नोव्हेंबर

डॉक्टर आले नाहीत. धुक्यामुळे असेल.

गल्लीत कसला तरी आवाज झाला म्हणून पाहिलं. घोडा जुंपून त्यांनी गवताची गाडी आणली आणि आमच्या फाटकाच्या वरच्या अंगाला आडवी केली. मग दुसरी. मग कुळव. सगळे ओळखीचे हात. त्यातल्या तिघांना मी गेल्या आठवड्यात सुई दिलीय. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

भिंतीवर पाव ठेवून गेले.

सोमवार, १२ नोव्हेंबर

ओटिलीबाई दुपारी गाडीपलीकडे आली. तोंडावर पदरासारखा रुमाल धरला होता, रडत होती. मी म्हटलं, तिथेच थांबा, जवळ येऊ नका, पण सांगा, डॉक्टर कुठे अडले? ती नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "कुणी फोनच नाही केला गं. क्रेल म्हणतो, कळवलं की सगळं गाव बंद करतील, गुरं मारतील, कुरण खणून काढतील. म्हणतो, दोघंच आहेत. आणि..." तिने रुमाल डोळ्यांना लावला. मी म्हटलं, आणि बाहेरचेच आहेत. ती म्हणाली, "मला नातवंडं आहेत, रोझालिया."

मी तिला म्हटलं, मग तू खाली खोऱ्यात जा, चालत जा, कुणालाही सांग. ती हो म्हणाली. तिच्या हो म्हणण्यावर माझा विश्वास बसला नाही.

त्या गाड्या मी सहज ओलांडू शकते. मोपेड नाही, पण पायी. संध्याकाळपर्यंत डॉक्टरच्या दारात. बराच वेळ चाकावर हात ठेवून उभी राहिले. मग आठवलं, बाबांच्या खोकल्याचे थेंब माझ्या बाहीवर आहेत. वाटेत भट्टी लागते, शाळा लागते. बाळंतीण लागते, तिच्या पोराचं अजून नाव ठेवायचंय.

ओलांडली नाही. परत आले. मी शूर नाही.  पण ओलांडली नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

बाबा ओळखत नाहीत. आईला हाका मारतात. आज भिंतीवर पाव नाही.

दुपारी घंटा. जवळून. सफरचंदाच्या झाडापाशी कुणीतरी —

गुरुवार, १५ नोव्हेंबर

बाबा गेले. पहाटे. शेवटी शुद्धीवर होते, पाणी मागितलं, माझ्याकडे बघून हसले.

गाडीपाशी जाऊन ओरडले. पुरायला नका येऊ, म्हटलं. नुसतं एक फावडं टाका इकडे. आणि पाद्रीबाबांना सांगा, लांबूनच दोन शब्द म्हणा. ओरडत राहिले. गल्लीत माणसं होती. मला दिसत होती. क्रेलने विगांडकडे बघून खूण केली. विगांड नको नको म्हणत होता. त्याला दोघांनी दंडाला धरून मनोऱ्यात नेलं.

फाळ बडवायला लागले. आता एक नाही, बरेच फाळ, तवे, रुळाचे तुकडे, सगळं गाव मिळून.

मी ओरडत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येईना.

शुक्रवार

अंगात ताप. उजवा हात जवळ घेता येत नाही म्हणून अक्षर असं.

बघितलं नाही. काय बघायचं. माहीत आहे.

बाबांवर चादर घातलीय. खिडकीतून कुरण दिसतं. धुक्यात छपरं. आता झाडाच्याही अलीकडे आलीत. फरसबंदी आमच्या पायरीला लागलीय.

त्याच दिवशी

वरून तवे. खालून घंटा. दोन्ही एकदम. डोकं फुटेल —

मागच्या दारावर थाप. हळू. शेजारचं माणूस वाजवतं तशी.

मी श्वास रोखून उभी आहे. झडपेच्या आड. जशी ती सगळी —

पुन्हा थाप. ती बाई आहे, त्या दिवशी खाली पुढे आलेली. म्हणते, सिस्टर, वडिलांसाठी फळी आणलीय आम्ही. उचलायला चौघं आहेत. तुम्ही एकट्या कशा नेणार.

इतक्या दिवसांत कुणी एवढं साधं —

म्हणते, आणि मग आमच्याकडे या. आजारी माणसं आहेत. केव्हापासून बोलावतोय.

कडीवर हात आहे. किती भीती वाटते, देवा. मी दाराआडूनच विचारलं, किती जण आजारी आहेत. ती म्हणाली, बाई, आधी दार तर उघडा, मग तुम्हीच बघा, आम्ही सगळेच —